मुंबईत नोकरी लागली, आता राहायचं कुठे? उपनगर निवडायची एक पद्धत

नांदेड, सांगली, अकोला, कुठूनही मुंबईत नोकरी लागली की पहिले काही दिवस मावशीकडे नाहीतर मित्राच्या रूमवर जातात आणि मग घराची शोधाशोध सुरू होते. तेव्हा प्रत्येक जण आपलंच उपनगर भारी म्हणून सांगतो. डोंबिवलीकर म्हणतो डोंबिवलीसारखं वातावरण कुठे नाही, ठाणेकर म्हणतो ठाण्याच्या पुढे जाऊच नको, खारघरवाला डोंगराचे फोटो पाठवतो, आणि एजंट म्हणतो साहेब आजच टोकन द्या उद्या फ्लॅट राहणार नाही. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं, फक्त त्यांचं ऑफिस वेगळीकडे असतं आणि तुमचं वेगळीकडे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मुंबई महापालिकेची हद्द वेस्टर्नला दहिसर, सेंट्रलला मुलुंड आणि हार्बरला मानखुर्दपर्यंत. त्याच्या आत बजेट बसत असेल तर हा लेख वाचायची फारशी गरज नाही, तिथेच बघा. ज्यांना त्या हद्दीबाहेर, म्हणजे ठाणे, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ-बदलापूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार, नवी मुंबई, पनवेल यांतून निवडायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

पायरी १ : आधी ऑफिसचं स्टेशन, मग घर

बहुतेक जण उलटं करतात. आधी भाडं बघतात, मग फ्लॅटचे फोटो, आणि प्रवासाचं काय ते नंतर बघू म्हणतात. इथे प्रवास नंतर बघायचा नसतो, आयुष्यातले रोजचे तीन-चार तास त्यातच जाणार असतात.

लाइन समजून घ्या. वेस्टर्न चर्चगेटहून निघते आणि बोरिवली, मीरा रोड, भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार करत पार डहाणूपर्यंत जाते. सेंट्रल सीएसएमटीहून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणला येते आणि तिथे तिचे दोन फाटे होतात, एक टिटवाळा-आसनगाववरून कसाऱ्याला, दुसरा अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतला आणि पुढे खोपोलीला. हार्बर सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, मानखुर्द, वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल, आणि तिचाच एक फाटा वडाळ्याहून अंधेरी-गोरेगावकडे जातो. ठाण्याहून थेट ऐरोली-घणसोली-वाशी किंवा नेरूळ-पनवेल जाते ती ट्रान्स-हार्बर. नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणारी लाइन जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोचली.

आता ऑफिस कुठे आहे ते बघा. अंधेरी, गोरेगाव, मालाडला असेल तर वेस्टर्न, त्यात चर्चा नको, मीरा रोडपासून विरारपर्यंत खिशाला झेपेल तिथे. फोर्ट किंवा नरिमन पॉइंट असेल तर तिन्ही लाइन चालतात. ऐरोली, घणसोली, महापे, वाशी असेल तर नवी मुंबईत राहा किंवा ठाणे-कळवा-डोंबिवलीकडून ट्रान्स-हार्बर पकडा. पवईला जाणाऱ्यांना कांजूरमार्गला उतरून रिक्षा-बस, म्हणजे सेंट्रल. लोअर परळ वेस्टर्नवर आहे पण सेंट्रलवाले करी रोडला उतरून चालत जातात, तेही जमतं.

बीकेसीची, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सची, गंमत वेगळी आहे. नकाशात मध्यभागी दिसतं पण तिथे लोकलचं स्टेशनच नाही. कुर्ला नाहीतर वांद्र्याला उतरायचं आणि तिथून बस किंवा शेअर रिक्षा, आणि कुर्ला स्टेशनबाहेर सकाळी जी रांग असते ती बघितली की पगार कमी वाटायला लागतो. मेट्रो ३ मात्र आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, बीकेसीला तिचं स्टेशन आहे आणि मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला जोडली गेलीय, त्यामुळे सेंट्रलवाल्यांना घाटकोपर-मरोळ-बीकेसी असाही मार्ग झालाय. लांबचा आणि महाग आहे, पण पावसात उपयोगी पडतो.

नियम एकच ठेवा, जास्तीत जास्त एकदा गाडी बदलायची. दादर, कुर्ला, ठाणे, घाटकोपर ही बदलायची ठिकाणं आणि चारही ठिकाणी ऑफिस टायमाला पुलावर चढायलाच दहा मिनिटं जाऊ शकतात. विरारला राहून वाशीला नोकरी किंवा बदलापूरला राहून मालाडला नोकरी करणारे लोक आहेत, पण त्यांना विचारा, ते तुम्हाला स्वतःच सांगतील की असं करू नको. वसईहून दिव्यामार्गे पनवेलला जाणारा रेल्वेमार्ग नकाशात दिसतो आणि नवीन माणूस खूश होतो, त्यावर गाड्या फारच थोड्या आहेत, तो मोजू नका.

पायरी २ : गाडी कुठून सुटते ते बघा

हे बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. स्टेशन किती किलोमीटरवर आहे यापेक्षा सकाळी तिथून गाडी सुटते की येते, हा फरक मोठा.

बदलापूर सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटर, डोंबिवली ४८. साहजिकच डोंबिवली जवळ वाटते. पण बदलापूरहून सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळू शकतं आणि झोपून ठाणं येतं, उलट डोंबिवलीला कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये फक्त पाय ठेवायला जागा मिळवायची असते. म्हणूनच डोंबिवलीकर डोंबिवली लोकलची वाट बघतो. कल्याण, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव इथूनही गाड्या सुटतात. ठाण्याहून सुटणाऱ्या बहुतेक स्लो असतात, तासभर लागतो पण बसून. वेस्टर्नला विरार, वसई, भाईंदर, बोरिवली. हार्बरला पनवेल, बेलापूर, वाशी, आणि खरं सांगायचं तर पनवेल लोकल पनवेलला पकडणं हे या तिन्ही लाइनींत सगळ्यात कमी त्रासाचं काम आहे, फक्त हार्बरला फास्ट गाडी नसते, सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाच्या वर धरा.

मधली स्टेशनं सगळ्यात वाईट. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. तिथे घरं स्वस्त आहेत त्याचं एक कारण हेच आहे. कळवा-मुंब्र्याला फास्ट थांबत नाही, दिव्याला थोड्या थांबतात पण आत शिरता यायला हवं. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं पडली आणि त्यात जीव गेले. नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात दारात उभं राहायला लागणार असेल तर ते घर घेऊ नका, भाडं कितीही कमी असू दे.

आता रिटर्न. म्हणजे उलट्या दिशेची गाडी पकडून मागच्या टर्मिनसला जायचं आणि तिथून त्याच गाडीत बसून परत यायचं. नालासोपाऱ्याचे विरारला जातात, डोंबिवलीचे कल्याणला. यावरून गाडीत भांडणं होतात कारण कल्याणला रांगेत उभा असलेल्या माणसाला आत आधीच सगळ्या विंडो भरलेल्या दिसतात. तुम्हीही कधीतरी कराल, तेव्हा पास त्या पुढच्या स्टेशनपर्यंतचाच काढा, टीसी बरोबर तिथेच उभे असतात. आणि विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचा विचार करू नका, उतरू देत नाहीत आणि वर ऐकवतात.

बायकांसाठी हिशोब थोडा वेगळा पडतो. लेडीज डबे कमी, त्यामुळे गर्दी जनरलपेक्षा कमी असेल असं समजू नका, पण कल्याण आणि विरारकडून लेडीज स्पेशल आहेत, त्यांची वेळ तुमच्या ऑफिसशी जुळत असेल तर ते स्टेशन यादीत वर घ्या. एसी लोकलचंही तेच, तिचा पास महाग आहे पण दारं बंद असतात. तुमच्या स्टेशनवर तुमच्या वेळेला एसी आहे का ते आधी बघा, नाहीतर पास काढून साध्या गाडीतूनच जाणारे लोक खूप.

आणि हे सगळं कागदावर नको. घर बघायला सगळे रविवारी जातात, रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद, असला तरी गाडीत हवा येते, वाटतं वा काय शांत आहे. सोमवार ते शुक्रवारमधला एक दिवस काढा, त्या स्टेशनवर सकाळी सव्वाआठला उभे राहा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघा, मग संध्याकाळी साडेसहाला परत या. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर यादीतून नाव काढा.

पायरी ३ : स्टेशनपासून दारापर्यंत

"स्टेशनपासून दहा मिनिटं" हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, ते मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर गाडीने मोजलेलं असतं असं समजा.

घोडबंदर रोड हे याचं मोठं उदाहरण. पत्ता ठाण्याचा, बिल्डिंग टॉवर, खाली स्विमिंग पूल, आणि कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला यायला ट्रॅफिकवर अवलंबून काहीही वेळ लागू शकतो. त्या रस्त्यावरून न्हावाशेवा बंदराचे कंटेनर गुजरातकडे जातात, गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की सगळं बंद. तसंच पलावा ही मोठी टाउनशिप, पत्त्यात डोंबिवली लिहिलेलं असतं पण कल्याण-शीळ रोडवर आहे, डोंबिवली स्टेशन लांब आणि जवळचं निळजे स्टेशन दिवा-पनवेल मार्गावर, म्हणजे मोजक्या गाड्या. त्यातून तुमचं ऑफिस महापे-ऐरोलीला असेल आणि कंपनीची बस असेल तर पलावा चांगलं आहे, फक्त काटई नाका आणि शीळफाट्याचा जॅम हिशोबात धरा. खारघरला स्टेशनजवळचे सेक्टर वेगळे आणि पस्तिशीच्या पुढचे सेक्टर वेगळे, तिथे आता मेट्रो आहे म्हणून बरं.

मेट्रोवरून आठवलं. "प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून दोन मिनिटं" या बोर्डावर एक रुपयाही जास्त भाडं देऊ नका. नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर ते पेंधर मार्गाचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. खांब उभे राहिले म्हणजे गाडी येते असं नाही, जे आज चालू आहे तेवढंच मोजायचं.

पूर्व-पश्चिम हाही मोठा मामला आहे. एकाच स्टेशनच्या दोन बाजू दोन वेगळी गावं असतात, भाडं वेगळं, रस्ते वेगळे, बाजार वेगळा. कल्याण पश्चिमेला खडकपाड्याकडे मोठे रस्ते आणि नवीन कॉम्प्लेक्स, पूर्वेला गल्ल्या आणि दाटी. वसई पश्चिमेला किल्ल्याकडे अजून वाड्या आहेत, केळी आहेत, चर्च आहेत, जुनी कौलारू घरं आहेत, पूर्वेला कारखाने आणि हायवे. आणि रोज पूल ओलांडावा लागू नये म्हणून ऑफिसला जाताना जी बाजू सोयीची तीच घ्या असंही नाही, गाडी शेवटी स्टेशनातूनच पकडायची आहे. शाळा, भाजी, दवाखाना ज्या बाजूला तुमच्या उपयोगाचं ती बाजू घ्या.

शेअर रिक्षा रात्री किती वाजेपर्यंत मिळते हे रिक्षावाल्यालाच विचारा, एजंटला नको. शेवटच्या लोकल सीएसएमटी-चर्चगेटहून साधारण रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला सुटतात, त्या बदलापूर-विरारला पोचेपर्यंत दोन-अडीच वाजलेले असतात आणि स्टेशनबाहेर उभा असलेला एकच रिक्षावाला मागेल तो भाव असतो. सेकंड शिफ्टवाल्यांनी स्टेशनपासून चालत जाता येईल असंच घर घ्यावं, जुनी बिल्डिंग असली तरी चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल.

पायरी ४ : हिशोब

लांब गेलं की भाडं कमी होतं हे खरं, पण किती वाचतं ते मांडून बघा. समजा ठाण्यात एक वनबीएचके २६ हजाराला आणि तसाच बदलापूरला १० हजाराला. वाचले १६. त्यातून घरातले दोघे नोकरीला असतील तर दोघांची शेअर रिक्षा, पासातला फरक, उशीर झाला की ओला-उबर, बाहेरचा डबा, हे वजा करा. उरले समजा १० हजार. आता रोजचे दोन तास जास्त, महिन्याला २५ दिवस धरले तर ५० तास. म्हणजे तासाला दोनशे रुपयांनी तुम्ही स्वतःचा वेळ विकताय. एकटा पंचविशीतला मुलगा असेल तर परवडतं, बसायला जागा मिळाली तर झोप काढतो. घरी लहान मूल असेल तर हे गणित वेगळं लागतं. उत्तर ज्याचं त्याने काढावं, पण काढावं, नुसतं "तिकडे स्वस्त आहे" म्हणून जाऊ नये.

गाडीवाल्यांसाठी एवढंच की मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. अटल सेतू वेगळा, तिथे टोल आहे आणि टू-व्हीलरला परवानगीच नाही, त्यामुळे "उलव्याहून शिवडी वीस मिनिटं" हे बाइकवाल्याला सांगितलं तरी काही उपयोगाचं नाही.

पायरी ५ : पाणी, लाइट, पूर, वास

फ्लॅट बघायला गेलात की नळ उघडून बघतात सगळे. टाकी भरलेली असते, पाणी येतंच. विचारायचं असतं ते वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या काकूंना : पाणी किती वाजता येतं, किती वेळ, आठवड्यातला शटडाऊन कुठल्या वारी, आणि टँकर किती येतात. गेटजवळ पाच मिनिटं उभे राहा, टँकरच्या चाकांनी पेव्हर ब्लॉक खचलेले दिसले तर समजून घ्या.

पाण्याच्या बाबतीत नवी मुंबई महापालिकेचा भाग, म्हणजे ऐरोली-वाशीपासून बेलापूरपर्यंत, सगळ्यात सुखी, कारण त्यांचं स्वतःचं मोरबे धरण आहे. पण खारघर-कामोठे-पनवेल ही पनवेल महापालिका, २०१६ ला झालेली, तिथे मोरबेचं सुख तितकं नाही, उन्हाळ्यात ओरड असते. लोक "नवी मुंबई" म्हणून सगळं एकच समजतात आणि मग एप्रिलमध्ये कळतं. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी, त्यामुळे जुन्या भागात बरं, शहराच्या कडेला नवीन झालेल्या कॉम्प्लेक्सना त्रास. घोडबंदरच्या टॉवरमध्ये टँकर हा मेंटेनन्सचाच भाग आहे. नालासोपारा-विरारला सूर्या धरणाचं पाणी आल्यापासून सुधारलंय पण बिल्डिंगप्रमाणे फरक पडतो, विचारल्याशिवाय टोकन नाही.

लाइटचं थोडक्यात. मुंबईतून आलेल्याला लाइट जाते हेच नवीन असतं, गावाकडून आलेल्याला नाही. मुलुंड-भांडुपपासून पुढे बहुतेक महावितरण, आणि दिवा-मुंब्रा-कळव्याला महावितरणने नेमलेली खाजगी फ्रँचायझी. अंबरनाथ-बदलापूरला पहिल्या पावसात जाते. घरून काम असेल तर इन्व्हर्टरचे पैसे धरा.

पूर हा विषय मात्र गंभीर घ्या. बदलापूरला उल्हास नदीचं पाणी चढतं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी काढलं होतं, ते हेच पाणी. तेव्हा बदलापूर पश्चिमेला नदीच्या अंगाला घर बघत असाल तर पहिला मजला नको आणि गाडी कुठे लावायची तेही विचारा. नालासोपारा-वसईचा सखल भाग जोराच्या पावसात तुंबतो, २०१८ च्या जुलैमध्ये रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या होत्या. जमलं तर जुलैमध्येच घर शोधा, भर पावसात. भिंतीची ओल, गच्चीची गळती, रस्त्यावरचं पाणी सगळं एका फेरीत दिसतं. मे महिन्यात सगळ्या भिंती नवीन रंगवलेल्या असतात.

वासही बघायचा असतो. डोंबिवली एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत, २०१६ आणि २०२४ ला, दोन्ही वेळा मे महिन्यात, तिथे मोठे स्फोट झाले आणि आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. एमआयडीसीला लागून असलेला निवासी विभाग दिवसा छान दिसतो, झाडं आहेत, बंगले आहेत. रात्री अकराला तिथे जाऊन श्वास घ्या. तळोजा एमआयडीसीबद्दल खारघर-कळंबोलीकरांचीही रात्रीच्या वासाची जुनी तक्रार आहे.

पायरी ६ : आता माझं मत

ठाणे, स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, चरई या बाजूला परवडत असेल तर पुढचं वाचू नका. सेंट्रल आणि ट्रान्स-हार्बर दोन्ही हाताशी, नवरा-बायकोची ऑफिसं दोन दिशांना असतील तर याहून चांगली जागा नाही. गडकरी रंगायतन, तलावपाळी, मामलेदार मिसळ. अडचण एकच, परवडत नाही.

डोंबिवली मराठी माणसाला लगेच आपली वाटते. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे सगळं गाव नवे कपडे घालून उभं असतं, पाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा इथल्याच गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, पोळीभाजी केंद्रं इतकी की दोघं नोकरी करणाऱ्यांचा स्वयंपाकाचा प्रश्नच मिटतो, क्लासेस आहेत, शाळा आहेत. रस्ते अरुंद, पार्किंग नाही, आणि सकाळच्या गाडीचं वर सांगितलंच. शाळेत जाणारी मुलं आणि घरात आजी-आजोबा असतील तर मी डोंबिवली म्हणेन, कारण ऑफिसला जाणारा एकटा त्रास काढतो आणि बाकी घर सुखात राहतं.

कल्याण हे मला वाटतं थोडं दुर्लक्षित आहे. गाड्या सुटतात, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, म्हणजे गावाला जायला दादर-सीएसएमटी गाठावं लागत नाही. नाशिक, जळगाव, विदर्भ किंवा पुणे-कोल्हापूरकडच्यांसाठी हा मुद्दा छोटा नाही, सणाला बॅगा घेऊन लोकलमध्ये चढून बघा म्हणजे कळेल.

अंबरनाथ, बदलापूर : पहिलं स्वतःचं घर घेणाऱ्यांची जागा. हवा चांगली, डोंगर दिसतात, अंबरनाथला अकराव्या शतकातलं शिवमंदिर आहे. भाड्यानेच राहायचं असेल तर इतक्या लांब जायचं कारण मला तरी दिसत नाही, एकटे असाल आणि पैसे साठवायचे असतील तरच.

मीरा रोड-भाईंदर वेस्टर्नवाल्यांचा ठाणे समजा, तितकं हिरवं नाही. वसई पश्चिम मला स्वतःला फार आवडतं. नालासोपारा फक्त कागद बघून, त्यावर पुढे येतोय. विरारला गाडी सुटते हा एक मोठा गुण, ६० किलोमीटर असूनही फास्टने चर्चगेट दीड तासाच्या आत येतं.

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर रुंद रस्ते, गार्डन, पाणी, सगळं आहे, मात्र संध्याकाळी सातनंतर काही सेक्टरमध्ये रस्त्यावर माणूस दिसत नाही, वाड्यात वाढलेल्या माणसाला करमत नाही. खारघर तरुण जोडप्यांना आवडतं. उलवे आणि पनवेलच्या बाजूला नवी मुंबई विमानतळामुळे भाव चढलेत, विमानं डिसेंबर २०२५ पासून उडायला लागली. भाड्याने राहायला अजून फ्लॅट भरपूर आहेत, पण उलव्याला खारकोपर-बामणडोंगरीहून गाड्यांची संख्या मोजा आणि मग ठरवा.

पायरी ७ : भाड्याचं घर असलं तरी कागद बघा

लोकांना वाटतं विकत घेणाऱ्यानेच कागद बघायचे. डोंबिवलीत ६५ इमारती खोट्या परवानग्या दाखवून, त्यावर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवून उभ्या राहिल्या आणि हायकोर्टाने २०२४ मध्ये त्या पाडायचे आदेश दिले. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ बेकायदा इमारतींवर बुलडोझर चालला आणि त्यात राहणाऱ्यांना सामान घेऊन रस्त्यावर यावं लागलं, मालक असो की भाडेकरू. तेव्हा विचारा : बिल्डिंगला ओसी, म्हणजे पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, सोसायटी रजिस्टर आहे का, घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे. पावती आहे म्हणजे इमारत कायदेशीर असं होत नाही, पालिका बेकायदा घरांकडूनही घरपट्टी घेते, ते फक्त मालक खरा आहे का यासाठी. २०१७ नंतरची बिल्डिंग असेल तर महारेराच्या साइटवर नाव टाका, आणि ६५ इमारतींच्या प्रकरणानंतर तेवढ्यावर न थांबता पालिकेच्या बांधकाम परवानगीशी ताडून बघा. विकत घ्यायचं असेल तर वकील लावा, त्याला पर्याय नाही, आणि निदान एक पावसाळा त्याच भागात भाड्याने राहून मगच घ्या.

करार लीव्ह अँड लायसन्सचा, बहुतेक ११ महिन्यांचा, आणि तो रजिस्टर व्हायलाच हवा. "नोटरी करून टाकू" म्हणणारा मालक किंवा एजंट असेल तर नाही म्हणा, महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. आजकाल एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो, आधार आणि अंगठा, अर्ध्या तासात होतं. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते, ती दिल्याची पावती घ्या. एजंट सहसा एक महिन्याचं भाडं घेतो, तोंडी आधीच ठरवा. हेवी डिपॉझिट, म्हणजे मोठी रक्कम एकदम द्या आणि भाडं नको, हा प्रकार नवख्याने करूच नये, परत देताना मालकाकडे पैसे नसतात ही जुनी कहाणी आहे.

सोसायटीचे नियमही आधी विचारा. बॅचलर चालतात का, मासे-मटण चालतं का, टू-व्हीलरला जागा आहे का. हे विचारायला लाज वाटते पण टोकन दिल्यावर कळण्यापेक्षा बरं. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून जो जादा चार्ज घेते तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तो द्यायचा मालकाने, करारात तसं लिहून घ्या.

शेवटचं सामानाचं. टेम्पो बुक करण्याआधी सोसायटीची एनओसी हातात घ्या, काही ठिकाणी रविवारी सामान आत घेऊ देत नाहीत, काही ठिकाणी लिफ्ट वापरायचे वेगळे पैसे असतात. किल्ली मिळाली की प्रत्येक भिंतीचा, नळाचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणजे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही. आणि पास पहिल्याच आठवड्यात तीन महिन्यांचा काढू नका, एक महिन्याचा काढा, रोजची गाडी आणि तिचा डबा ठरायला तेवढा वेळ लागतोच.